गग्ग भिक्खूचे प्रकरण : एक पुनर्वाचन

विनयपिटकातील ‘उम्मत्तक’ हा शब्द आपले अभ्यासक बहुधा अपवादाचे कलम म्हणून वाचतात. उन्मादात घडलेल्या कृत्यास आपत्ती नाही, एवढे सांगून ते पुढे जातात. महावग्गाच्या उपोसथखंधकातील गग्ग भिक्खूचे प्रकरण याहून सावकाश वाचावयास हवे.

गग्गाला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे; तो कधी येई, कधी येत नसे. तथागतांनी त्याला ‘उम्मत्तकसम्मुती’ देण्याची अनुज्ञा संघास दिली. त्यानंतर तो येवो वा न येवो, संघाचे कर्म सदोष ठरत नाही. नियम पाळण्याचे ओझे उतरले. संघातील स्थान मात्र टिकले.

चुल्लवग्गाच्या समथखंधकात हे प्रकरण अधिक बोचरे होते. गग्ग आता बरा झाला आहे, तरी भिक्खू त्याला उन्मादकाळातील वर्तनाचा पुन्हा पुन्हा जाब विचारतात. आपण भ्रमिष्ट होतो, आठवत नाही, हे त्याचे उत्तर कोणी मानीत नाही. (बरे झालेल्या रुग्णाला घरीदारी आजही हेच सोसावे लागते.) यावर उपाय म्हणजे अमूळ्हविनय : त्याने तीनदा याचना करावी, संघाने ञत्ती मांडून तीनदा घोषणा करावी आणि वाद मिटवावा. वेडाचे सोंग घेणाऱ्यास तो नाही; ज्याला खरोखरच स्वप्नातल्यासारखे अंधुक आठवते, त्यास मात्र आहे. स्मृतीच्या अशा छटा ओळखणारा हा भाग मला संपूर्ण खंधकात श्रेष्ठ वाटतो.

उम्मत्तक म्हणजे आजचा स्किझोफ्रेनिया, असे समीकरण मी मांडणार नाही. परंतु या आजारात स्वतःच्या विचारांकडे तटस्थपणे पाहण्याची क्षमता आणि समाजातील वावर यांचा संबंध संशोधकांनी दाखविला आहे. स्टेफेन मोरिट्झ व टॉड वुडवर्ड यांच्या प्रशिक्षणात रुग्ण घाईने निष्कर्ष काढण्याची सवय ओळखावयास शिकतो. हे प्रशिक्षण औषधोपचाराच्या जोडीला असते, त्याऐवजी नव्हे. आपले काही प्रवचनकार मात्र ‘हीच चित्तानुपस्सना’ म्हणून रुग्णास गोळ्या सोडून ध्यानास बसावयास सांगतात. तीव्र लक्षणे असताना दीर्घ मौनसाधना घातक ठरू शकते. शिवाय गग्गाच्या प्रकरणात सुधारणेचा आदेश रुग्णाला नाही, संघाला आहे.

गग्गाची शुश्रूषा कोणी केली, तो बरा कसा झाला, याविषयी या दोन्ही ठिकाणी संहिता मौन आहे. ही उणीव ध्यानाच्या महिम्याने भरून काढण्यास तेथे कोणताही आधार नाही.