कॉलरने नृत्य कोणासाठी निवडायचं?



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. "काय हो, तत्त्वज्ञान सोडून शिंपीकाम धरलंत की काय?" त्यांना वाटलं, कॉलर म्हणजे शर्टाची कॉलर. तेव्हा आधी एवढा उलगडा करून टाकू. अमेरिकेत, विशेषतः ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात, कॉन्ट्रा डान्स नावाचं सामूहिक नृत्य चालतं. वादकांच्या शेजारी उभं राहून पुढची हालचाल पुकारून सांगणारी जी व्यक्ती असते, ती कॉलर. कोणतं नृत्य घ्यायचं हे तीच ठरवते आणि ते शिकवतेही तीच. या दोन कामांची समीक्षा आज आम्हाला करायची आहे.

आमचा अधिकार काय, असं कोणी विचारेल. अधिकार एकच, फजितीचा. आमची मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. तिच्याकडे गेलो असताना दोन वेगळ्या संध्याकाळी, दोन वेगळ्या सभागृहांत, आम्ही या नृत्याच्या रांगेत उभे राहिलो. वय बहात्तर, उजवा गुडघा कुरकुरणारा. पहिल्या संध्याकाळी मध्यंतरातच घरी निघालो. दुसऱ्या संध्याकाळी शेवटच्या वॉल्ट्झपर्यंत थांबलो. गुडघा तोच होता. मग बदललं काय? आमच्या मते बदलली ती कॉलरची निवड.

आता नृत्याची रचना थोडक्यात समजून घेऊ, नाहीतर पुढचं बोलणं हवेत राहील. याची मुळं इंग्लंडमधल्या 'कंट्री डान्स'मध्ये आहेत. प्लेफोर्ड यांचं त्या नृत्यांचं प्रसिद्ध पुस्तक १६५१ सालचं. तिथून हा प्रकार फ्रान्समध्ये गेला, अमेरिकेत गेला. न्यू हॅम्पशरमध्ये राल्फ पेज यांच्यासारख्या कॉलरांनी विसाव्या शतकात तो टिकवला. रचना अशी, की जोडीदार समोरासमोर राहून दोन लांब रांगा करतात. शेजारच्या दोन जोड्या मिळून चौघांचा गट होतो. संगीत जिवंत असतं, बहुधा फिडल आणि पियानो. एका आवर्तनात चौसष्ट ठोके. त्यात चौघं मिळून ठरलेल्या आकृत्या करतात आणि आवर्तन संपताना प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते. समोर नवी जोडी, पुन्हा तेच नृत्य. एका आवर्तनाला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. पंधरा-वीस आवर्तनं झाली की नृत्य संपतं. संगीत सुरू होण्याआधी कॉलर सगळ्यांना एकदा चालवून दाखवते. आपल्याकडची तालीम समजा, पण पाच मिनिटांची.

या रचनेत एक गोष्ट दडलेली आहे, ती लक्षात घ्या. इथे चूक खाजगी राहत नाही. आम्ही चुकलो तर आमचा चौघांचा गट अडतो, आणि तो वेळेवर पुढे सरकला नाही तर मागचापुढचा गटही अडतो. म्हणजे कोणतं नृत्य घ्यायचं हे ठरवताना कॉलर एक प्रश्न सोडवत असते: इथे कोणीतरी चुकणारच आहे, तो चुकल्यावर काय होईल?

पहिल्या संध्याकाळी हा प्रश्न कॉलरच्या मनात नसावा. गृहस्थ विद्वान होते, आवाज उत्तम. त्यांनी दुसरंच नृत्य असं घेतलं, की त्यात आपला गट सोडून पुढच्या जोडीतल्या माणसाकडे जायचं, त्याच्याबरोबर एक वळण घ्यायचं आणि परत आपल्या जुन्या शेजाऱ्याकडे यायचं. त्यात भर म्हणून 'हे' नावाची आकृती. आपल्याकडे गोफ विणतात ना, तसे चौघं एकमेकांना आलटून पालटून उजव्या-डाव्या खांद्याने ओलांडत जातात. रचना खरोखर सुंदर होती. गृहस्थांनी ती कोणी बसवली, तिच्यात नवीन काय, हेही रसाळपणे सांगितलं. चालवून दाखवण्यात बराच वेळ गेला. संगीत सुरू झालं आणि तिसऱ्या आवर्तनात आम्ही नव्या शेजाऱ्याकडेच राहिलो, जुन्याकडे परतायचं विसरलो. रांग मोडली.

कोणी रागावलं नाही, हे मुद्दाम सांगतो. सगळे हसत होते, हाताने दिशा दाखवत होते, खांद्याला धरून जागेवर नेत होते. पण दर अर्ध्या मिनिटाला नव्या माणसाने आपल्याला ओढून जागेवर न्यावं, यात एक बारीक अपमान असतो. आपण नृत्य करत नसतो, आपल्याला हलवलं जात असतं. मध्यंतरात चहाचा कप ठेवला आणि मुलीला म्हटलं, चल.

दुसऱ्या संध्याकाळच्या बाईंनी पहिलं नृत्य घेतलं ते 'द नाइस कॉम्बिनेशन', जीन ह्यूबर्ट यांनी बसवलेलं. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. आधी शेजाऱ्याबरोबर बॅलन्स आणि स्विंग, म्हणजे हात धरून झोका आणि मग एकमेकांना धरून घुमणं. याला सोळा ठोके. पुढचे सोळा ठोके चौघांनी हात धरून एका ओळीत सभागृहाच्या टोकाकडे चालत जायचं, वळायचं, परत यायचं. मग गोल करून डावीकडे पाऊण फेरा आणि जोडीदाराबरोबर स्विंग. शेवटी 'चेन' नावाची अदलाबदल, डाव्या हातांची चांदणी, आणि समोर नवा शेजारी.

आता हे चुकणाऱ्याच्या बाजूने बघा. सुरुवातीला स्विंग आहे. नवा माणूस दोन-चार ठोके उशिरा पोचला तरी बिघडत नाही, स्विंग तेवढा लहान होतो. स्विंग ही उशी आहे. पुढे चौघांच्या ओळीत हात धरलेले आहेत, त्यामुळे ज्याला काही कळलेलं नाही तोही बरोबर ठिकाणी जातो आणि बरोबर वेळी परततो. ते सोळा ठोके त्याला श्वास घ्यायला मिळतात. पाऊण फेऱ्यात गोंधळ झाला तर लगेच पुन्हा स्विंग, पुन्हा उशी. अवघड म्हणावी अशी एकच गोष्ट, ती चेन. एका नृत्यात एकच अवघड गोष्ट. आम्ही अशा नृत्याला माफ करणारं नृत्य म्हणतो. ते चूक होऊ देतं आणि ती पुढच्या आठ ठोक्यांत विरघळवून टाकतं. पहिल्या संध्याकाळच्या नृत्यात अशी जागाच नव्हती. एक पाऊल चुकलं की आवर्तन गेलं.

आमचा पहिला मुद्दा हा, की नृत्याची निवड हीच निम्मी शिकवण आहे. बाईंनी तिसऱ्या नृत्यात अर्धा 'हे' घेतला. मध्यंतरानंतर पूर्ण 'हे' आला तेव्हा पाय ती वाट अर्धी चालून गेलेले होते, त्यामुळे सांगायला फारसं उरलंच नव्हतं. संध्याकाळचा क्रम हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

दुसरा मुद्दा शब्दांचा. बाई फार कमी बोलल्या. चेन शिकवताना त्यांची वाक्यं एवढीच: रॉबिन, एकमेकांना उजवा हात द्या आणि पलीकडे जा. लार्क, आलेल्या माणसाला डावा हात द्या आणि वळवून शेजारी घ्या. पोचल्यावर तोंड कुठे हवं तेही त्यांनी सांगितलं. कसं जायचं यापेक्षा कुठे पोचायचं हे त्या आधी सांगत. पोचायची जागा माहीत असली की माणूस वाट काढतो.

लार्क आणि रॉबिन ही पक्ष्यांची नावं. पूर्वी इथे पुरुष आणि स्त्रिया असे शब्द होते. कोणीही कोणतीही भूमिका घ्यावी म्हणून गेल्या काही वर्षांत बऱ्याच ठिकाणी ही नावं आली. त्यावर वाद झाले, होत आहेत. आम्ही शिक्षकाच्या नजरेने बघतो. स्विंग संपला की लार्क डावीकडे असतो, रॉबिन उजवीकडे. इंग्रजीत डावं-उजवं या शब्दांची आद्याक्षरंही तीच. म्हणजे नावातच जागा सांगितलेली आहे. तसंच एका आकृतीला जुनं नाव भटक्या समाजाचं होतं. अनेक सभागृहांनी ते सोडलं आणि 'उजव्या खांद्याने वळसा' अशा अर्थाचं नाव घेतलं. हेतू आदराचा, पण नव्या माणसाला त्यातून काय करायचं तेही कळलं. आदर आणि स्पष्टपणा इथे हातात हात घालून आले, याची आम्हाला गंमत वाटते.

आणखी एक. पुकारा हालचालीच्या आधी यावा लागतो. चालू आकृतीचे शेवटचे तीन-चार ठोके असतात, त्यात पुढचं नाव संपलं पाहिजे. ठोका पडल्यावर सांगितलं तर ते वृत्तान्त होतं, सूचना होत नाही. आणि सहा-सात आवर्तनांनंतर बाईंचे शब्द कमी होत गेले. आधी वाक्य, मग एकेक शब्द, मग काहीच नाही. उरलं फक्त फिडल. त्या गप्प झाल्या आहेत हे आमच्या ध्यानातसुद्धा आलं नाही. कॉलरला याहून मोठी दाद कोणती?

आता आक्षेप. जाणकार नर्तकांनी काय करायचं? वर्षानुवर्षं येणाऱ्यांनी रोज सोपंच नाचायचं का? आक्षेप खरा आहे. कायम सोपं निवडणारी कॉलरही सभागृहाला ओळखत नाही, हळूहळू जुनी माणसं यायची थांबतात. संध्याकाळ चढत गेली पाहिजे, आणि ज्या रात्री सगळेच मुरलेले असतील त्या रात्री अवघड रचना जरूर घ्यावी. पण सोपं म्हणजे कमअस्सल हे आम्हाला मान्य नाही. त्या 'नाइस कॉम्बिनेशन'मध्ये आमच्या रांगेतली मुरलेली मंडळी प्रत्येक स्विंगमध्ये काहीतरी आपलं घालत होती. साधी चीज मोठ्या गवयाला अडवत नाही, मोकळं सोडते.

या वादाला इतिहासाचीही बाजू आहे. 'कोरस जिग' नावाचं जुनं नृत्य आहे. नावात जिग असली तरी चाल रीलची, हा त्यातला विनोद. त्यात एका जोडीने रांगेबाहेरून आणि मग मधून खाली जाऊन परत यायचं, कोपऱ्यांतल्या माणसांना हात देत वळणं घ्यायची, शेवटी स्विंग. दुसरी जोडी बराच वेळ उभीच. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुची बदलली, सगळ्यांनी सतत हललं पाहिजे असं वाटू लागलं. लॅरी जेनिंग्ज यांच्या १९८३ च्या संकलनाचं नावच 'झेस्टी कॉन्ट्राज'. हा बदल न्यायाचा होता, उभं राहायला कोण येतं? पण उभं राहणारा बघत असे. स्वतःची पाळी येईपर्यंत ती आकृती त्याच्यासमोर अनेकदा होऊन जाई. सर्वांना सतत हलवणाऱ्या नृत्यांनी बघण्याचा तो वेळ काढून घेतला. मग तो वेळ परत कोण देणार? कॉलरच, माफ करणारं नृत्य निवडून. आजच्या कॉलरवर जुन्यापेक्षा जास्त जबाबदारी आहे ती यामुळे.

कांटने १७८१ च्या ग्रंथात एक अडचण मांडली आहे. नियम शिकवता येतात, पण हा नियम इथे लावायचा की नाही, हे ठरवणारी निर्णयशक्ती नियमांनी शिकवता येत नाही. तिच्यासाठी नियम केला तर तो कुठे लावायचा यासाठी पुन्हा निर्णयशक्तीच लागते. ती सरावानेच येते. कॉलरच्या पेटीत शेकडो कार्डं असतात, प्रत्येकावर एक नृत्य. आज कोणतं काढायचं, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. ते दारातून आत येणाऱ्या माणसांच्या पायांकडे बघून ठरतं. दुसऱ्या संध्याकाळच्या बाई नृत्य सुरू होण्याआधी दाराजवळ उभ्या होत्या. आम्हाला वाटलं, स्वागताला. त्या मोजत होत्या.

हे बोलताना आमच्या मनाला जे लागलं आहे ते सांगायलाच हवं. आम्ही तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात कांटचं सगळ्यात बिकट प्रकरण काढायचो. दर्जा कळावा म्हणून. दिवाळीपर्यंत मागची बाकं रिकामी व्हायची आणि आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो, मुलं कच्ची येतात हो. एसटीने रोज दीड तास प्रवास करून येणारा एक मुलगा विषय बदलताना आम्हाला भेटून गेला. म्हणाला, "सर, तुम्ही बोलता छान, पण आत कुठून यायचं ते कळत नाही." आम्ही त्याला ग्रंथालयातून कोणतं पुस्तक घ्यावं ते सांगितलं. त्याला पुस्तक नको होतं. दार हवं होतं. हे कळायला आम्हाला बहात्तराव्या वर्षी एका परक्या गावात रांग मोडावी लागली.

त्या पहिल्या संध्याकाळचे गृहस्थ आम्हाला ओळखीचे वाटले ते यामुळेच. त्यांचं नृत्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. आमचंही कांटवर होतं. पण सभागृहात आलेल्या माणसांचा विचार त्या प्रेमाने आपोआप होत नाही, तो वेगळा करावा लागतो, रोज, दाराजवळ उभं राहून.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी आधी विचारा.