एकवीस दिवसांचा आकडा आणि आरशातला माणूस

आजचं पुस्तक आहे मॅक्सवेल माल्ट्झ यांचं ‘सायको-सायबरनेटिक्स’, १९६० सालचं. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्याही कानावर त्यातली एक गोष्ट आलेली असते : कुठलीही सवय २१ दिवसांत लागते. जिमच्या फलकावर, डाएटच्या पॅकेजमध्ये, सकाळच्या व्हॉट्सॲप संदेशात हा आकडा भेटतो. गंमत अशी, की माल्ट्झ असं म्हणालेच नव्हते.

ते न्यूयॉर्कचे प्लास्टिक सर्जन. नाक सरळ केलं, व्रण काढला, तरी काही रुग्ण आरशात बघून म्हणायचे, ‘काहीच बदललं नाही.’ यावरून त्यांनी ताडलं, की माणूस चेहऱ्यानुसार वागत नाही, मनातल्या स्वतःच्या चित्रानुसार वागतो. आणि २१? नव्या चेहऱ्याची सवय व्हायला, कापलेला हात अजून आहे हा भास ओसरायला, नवं घर आपलं वाटायला ‘किमान सुमारे’ २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. पुढच्यांनी त्यातलं ‘किमान’ गाळलं, ‘सुमारे’ गाळलं आणि चेहऱ्याच्या जागी सवय बसवली. आता बघा, नव्या नाकाची सवय व्हायला रुग्णाला काहीच करावं लागत नाही. नाक जागच्या जागी असतं. पहाटे साडेपाचला उठून बूट घालणं ही वेगळीच गोष्ट झाली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे अभ्यास केला. कुणी न्याहारीनंतर पाणी प्यायचं ठरवलं, कुणी व्यायाम. कृती आपसूक होण्याचा मधला आकडा आला ६६ दिवस. पसरट किती, तर १८ पासून २५४ पर्यंत. (अभ्यास ८४ दिवसांचाच होता, त्यामुळे २५४ हा पुढे वाढवलेल्या आलेखावरचा अंदाज.) पाण्यापेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, हे तर घरोघरी सांगण्यासारखं आहे.

आकड्याच्या या घोळाकडे आम्ही नुसती गंमत म्हणून बघत नाही. पंचेचाळिशीत साखर निघालेला माणूस चालायला लागतो. बाविसाव्या दिवशीही अंथरुण सोडवत नाही. तो काय निष्कर्ष काढतो? आकडा चुकला, असा नाही. ‘आपल्यातच दम नाही’ असा. म्हणजे आत्मप्रतिमा सुधारायला निघालेल्या पुस्तकाच्या नावावर खपणारं एक वाक्य नेमकी तीच बिघडवतं.

माल्ट्झ यांचं मूळ निदान मात्र आम्हाला पटतं. ‘मी मूळचाच जाड’, ‘आमच्या घराण्यातच आहे हो’ ही चित्रं फार चिवट असतात. दहा किलो उतरले तरी माणसाला ते उसन्या कपड्यांसारखे वाटतात. कधी परत करायचे, एवढाच प्रश्न. अडचण आहे ती उपायात. ते सांगतात, रोज अर्धा तास निवांत बसा आणि स्वतःला हवं तसं डोळ्यांसमोर आणा. जेम्स क्लिअर यांनी २०१८ च्या ‘ॲटॉमिक हॅबिट्स’मध्ये हा क्रम बराचसा फिरवला : आधी छोटी कृती, आणि प्रत्येक कृती म्हणजे आपण कोण होणार त्यासाठी टाकलेलं एक मत. मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी १९७२ मध्ये मांडलंच होतं, की दुसऱ्याला जोखतो तसं माणूस स्वतःलाही बरेचदा वागण्यावरूनच जोखतो. हे जास्त भरवशाचं आहे. रोज चालणाऱ्याला ‘मी चालणारा आहे’ असं आरशाला सांगावं लागत नाही.

पण या दोन्ही पुस्तकांतला माणूस एकटा राहतो की काय, अशी शंका येते. मतं मोजायला घरचेही बसलेले असतात ना! सहाला फिरायला निघणाऱ्या बाईचं घरातलं चित्र म्हणजे ओट्यापाशी उभी असलेली बाई. तिने स्वतःचं चित्र कितीही बदललं, तरी चहा आणि डबे दुसऱ्या कुणी हातात घेतल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. त्या अर्ध्या तासाचं काय करायचं, याचं उत्तर माल्ट्झ यांच्याकडे नाही. क्लिअर निदान सवय जपणाऱ्या मंडळींत मिसळा म्हणतात. पण घर बदलून मिळत नाही.

उलट कोल्हापूरची तालीम घ्या. तिथे पोराला स्वतःची प्रतिमा घडवायला कुणी सांगत नाही. वस्ताद उठवतो, जोडीदार लाल मातीत ओढतो, गल्ली ‘पैलवान’ म्हणून हाक मारते. ओळख बाहेरून येते आणि टिकतेही. किती टिकते, हे कोल्हापूरकरांना विचारा. तीस वर्षं जोर-बैठका सुटल्या तरी हाक ‘पैलवान’च असते. कित्येकदा खुराकही तोच असतो, फक्त मेहनत गेलेली असते. मग गुडघे आणि रक्तदाब बोलायला लागतात. या गड्याची आत्मप्रतिमा ठणठणीत आहे. माल्ट्झ यांच्या हिशेबाने त्याची तब्येतही तशीच असायला हवी होती.

पन्नाशीत त्याला ‘पैलवान’ हा शब्द थोडा सैल करून ‘फिरायला जाणारा माणूस’ व्हायचं आहे, आणि त्याला ती बढती वाटत नाही, उतरंड वाटते. जुनं चांगलं चित्र सोडायचं कसं, यावर माल्ट्झ यांच्या पुस्तकात आम्हाला फारसं काही सापडलं नाही. प्रश्नोत्तरांत कुणाला त्यावर बोलायचं असेल, तर तिथूनच सुरुवात करू.