डाव सोडावा कधी?

डाव घोषित करणे बरोबर की चूक, हे आपण निकाल लागल्यावर ठरवतो. परीक्षा घड्याळाची हवी! १९६८ साली पोर्ट ऑफ स्पेनला सोबर्सने इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावा करायला सांगितल्या. वेळ धावांना पुरला, दहा गड्यांना पुरला नाही. सामना गेला, मालिकाही गेली. १९७६ साली तिथेच लॉईडने आपल्यापुढे ४०३ धावा ठेवल्या. आपण ४ बाद ४०६ केल्या. लॉईडकडे वेळ भरपूर होता, फिरकी चालली नाही. म्हणजे घोषणा निर्दोष!

२००४ साली मुलतानला द्रविडने सचिनला १९४ वर थांबवले. तीन दिवस हाताशी ठेवून डावाने सामना जिंकला. तरी आमच्या बँकेत त्याला अजून माफी नाही. मी मात्र द्रविडच्या बाजूचा. कॅशची खिडकी लावताना रांगेतला शेवटचा माणूस म्हणतोच, "अहो साहेब, माझं एवढं एकच!" त्याचे ऐकले की संध्याकाळी हिशेब जुळत नाही.

तत्त्व पक्के होते. परवा दुसऱ्या एका बँकेत माझ्याच तोंडावर खिडकी लागली.

टोकन नंबर १९४!