पाटण्याचा मठ : अभिमानाच्या आधी हिशेब

‘आपल्याकडेही मोठी विद्यापीठे होती’ हे वाक्य मराठीतल्या इतिहासविषयक लेखांत हमखास भेटते. नालंदा, तक्षशिला, वलभी ही नावे येतात, जोडीला पैठण येते आणि लेख पुढे सरकतो. तिथे काय शिकवत, खर्च कोण देई, संस्था का टिकली किंवा का संपली, हे विचारायला कोणी थांबत नाही. मी इतिहासाचा पदवीधर नाही. सांगोल्यात बसून मिळतील ते छापील शिलालेख वाचत आलो आहे. त्या वाचनातून एवढे नक्की वाटते की, या वाक्याने आपल्या जुन्या शाळांचा गौरव होण्याऐवजी त्यांची ओळखच पुसली जाते.

खानदेशात चाळीसगावजवळ पाटणे येथे भवानीच्या देवळात एक लेख सापडला. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. पुढे कीलहॉर्न यांनी त्याचे संपादन केले. शके ११२८ चे, म्हणजे इ.स. १२०७ मधले हे दानपत्र आहे. लीलावती आणि सिद्धांतशिरोमणी लिहिणारे भास्कराचार्य; त्यांचा मुलगा लक्ष्मीधर; त्याचा मुलगा चांगदेव. (हा योगी चांगदेव नव्हे.) यादव राजा सिंघण याचा हा ज्योतिषी. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. यादवांचा मांडलिक, निकुंभ घराण्यातला सोइदेव, याने चंद्रग्रहणाच्या पर्वावर मठाला उत्पन्न लावून दिले.

दानाचे लेख आपल्याकडे शेकड्यांनी आहेत. पण कोणते ग्रंथ शिकवायचे हे नेमके सांगणारा लेख दुर्मीळ. त्यामुळे पाटण्याला मोठेपणासाठी ‘विद्यापीठ’ म्हणण्याची गरजच नाही. एका ग्रंथकाराच्या गणित-ज्योतिषासाठी स्थापलेली शाळा, हेच त्याचे वैशिष्ट्य.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती लेखाची भाषा. राजवंश आणि पंडितांची वंशावळ संस्कृत श्लोकांत आहे. उत्पन्नाची बाब आली की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. पाटण्याच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा मठाकडे वळवला आहे. तेलाच्या घाण्यांवरही मठाचे देणे बसवले आहे. कीर्ती संस्कृतात आणि वसुली मराठीत. ज्यांनी द्यायचे, त्यांना कळावे म्हणून ही भाषा. भाषेचे अभ्यासक मराठीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून या ओळी उद्धृत करतात, तो आहेच. पण मठाचा दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता, याचाही हा पुरावा आहे. त्या काळच्या रूढीप्रमाणे त्या तेल्याच्या मुलाला शास्त्राच्या पाठाला बसता येत नव्हते. ‘आपली’ विद्यापीठे म्हणताना या ‘आपली’त कोण येतो, हे म्हणूनच विचारावे लागते.

आमच्या बाजूचे उदाहरण घेऊ. सांगोल्याहून मंगळवेढ्याच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की इंडी तालुका लागतो. तिथल्या साळोटगीचा लेख इ.स. ९४५ चा, राष्ट्रकूट तिसरा कृष्ण याच्या काळचा. त्याचा मंत्री नारायण याने शाळा बांधली. वेगवेगळ्या प्रदेशांतून विद्यार्थी येत. त्यांच्या राहण्यासाठी २७ घरे, शाळेला ५०० निवर्तने जमीन, दिवाबत्तीसाठी वेगळी १२ निवर्तने. शिवाय गावात लग्न, मुंज, जावळ झाले की ठरावीक रक्कम शाळेला. प्रा. अनंत सदाशिव अळतेकरांनी प्राचीन शिक्षणावर लिहिताना या शाळेची दखल घेतली. तरी सोलापूर जिल्ह्यातल्या किती वाचकांना हे नाव ठाऊक आहे?

आता एक परकी संस्था शेजारी ठेवून पाहू. जपानमधली अशिकागा गाक्को ही कन्फ्यूशियसच्या विद्येची शाळा. तिच्या स्थापनेच्या कथा अनेक आहेत, त्यावर एकमत नाही. पण १४३९ मध्ये उएसुगी नोरिझाने या सरदाराने तिला ग्रंथ दिले आणि झेन भिक्षू काइगेन याला प्रमुख नेमले, हे पक्के. १४४६ च्या नियमांत कोणते ग्रंथ शिकवायचे ते ठरवले आहे. शिक्षक बौद्ध भिक्षू, पण बौद्ध ग्रंथ तिथे शिकवायचे नाहीत. फ्रान्सिस झेवियरने १५४९ मध्ये जपानहून गोव्यातल्या सहकाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात जपानमधली सर्वांत मोठी शाळा म्हणून तिचा उल्लेख केला. तो तिथे गेला नव्हता. ऐकीव माहिती होती. तीन हजार विद्यार्थ्यांचा आकडा नेहमी सांगितला जातो, तोही जपूनच घ्यावा. फुगवलेला अभिमान हा केवळ आपलाच रोग नाही.

शाळा १८७२ मध्ये बंद झाली, पण चीनमधल्या सोंग काळातले छापील ग्रंथ तिथे आजही आहेत. आश्रयदाते बदलले, लढाया झाल्या, तरी ग्रंथांचा साठा एका जागी राहिला आणि त्याच्याभोवती शाळा पुन्हा उभी राहू शकली.

पाटण्याची तरतूद बाजार आणि राजसत्ता यांच्याशी बांधलेली होती. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांची सत्ता संपली. भास्कराचार्यांची विद्या मात्र मेली नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. त्याचे वडील केशव हेही ज्योतिषीच. म्हणजे विद्या जगली ती घराण्यांत, बापाकडून मुलाकडे. याचे कौतुक जरूर करावे. पण घराण्यात जगलेल्या विद्येला दार एकच असते आणि ते जन्माचे असते. संस्था मोडण्याची ही किंमत आपल्या लेखनात कुठे मोजलेली दिसत नाही.

यापुढे कोणी प्राचीन विद्यापीठांवर लिहिले तर माझी मागणी साधी आहे. शिकवले काय, पैसा कुणाचा, आत कोणाला घेतले आणि पोथ्या शेवटी कुठे गेल्या, एवढे तरी सांगावे. पाटण्याच्या दगडाने यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आठशे वर्षांपूर्वीच दिली आहेत, त्यातले दुसरे तर चक्क मराठीत.