भिंतीवरचे चित्र, अंगावरचे कापड

आधुनिक कलेची प्रदर्शने आणि वस्त्ररचना यांचे नाते शंभर वर्षांचे तरी आहे. 1925 साली पॅरिसमध्ये शोभिवंत कलांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा चित्रकार सोनिया देलोने यांनी जाक हाइम यांच्या जोडीने अलेक्सांद्र तृतीय पुलावर कपड्यांचे दुकान मांडले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात, हे त्यांच्या चित्रांचे सूत्र. तेच कोट आणि शालींवर उतरले. चित्रकारच वस्त्रकार असल्याने इथे उसनवारीचा प्रश्न नव्हता. 1938च्या जानेवारीत पॅरिसलाच अतिवास्तववाद्यांनी आपल्या प्रदर्शनात दुकानातल्या पुतळ्यांची रांग उभी केली आणि प्रत्येक पुतळा एकेका कलावंताने सजवला. त्याच वर्षी वस्त्रकार एल्सा स्कियापरेली यांनी चित्रकार साल्व्हादोर दाली यांच्यासोबत हाडांचा सापळा कापडातून उठून दिसणारा काळा पोशाख आणि फाटल्याचा भास देणाऱ्या छपाईचा झगा केला. पोशाख अंग झाकतो, या गृहीतकालाच त्यांनी हात घातला होता.

या नात्यातले खरे अंतर 1965 सालात दिसते. त्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ हे दृष्टिभ्रमाच्या चित्रांचे प्रदर्शन सुरू झाले आणि पाहता पाहता काळ्या-पांढऱ्या रेघांचे कपडे दुकानांच्या काचेत लागले. लॅरी ऑल्ड्रिच या वस्त्रनिर्मात्या संग्राहकाने आपल्या मालकीच्या ब्रिजेट रायली यांच्या चित्रावरून कापड काढवले. रायली संतापल्या, पण त्यावेळच्या अमेरिकी कायद्यात त्यांना आधार मिळाला नाही. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी हा प्रयोग कलेच्या अंगानेही फसलेलाच होता. रायलींच्या रेघा थरथरतात, कारण पृष्ठभाग सपाट आणि अचल असतो. कापडाला चुण्या पडतात, माणूस चालतो, आणि भ्रम मोडून उरतो तो नुसता पट्ट्यापट्ट्यांचा फ्रॉक.

त्याच वर्षी वस्त्रकार इव्ह सँ लोराँ यांनी चित्रकार पीट मोंद्रियान यांच्या चौकोनांचे पोशाख आणले. (ही कल्पना त्यांना प्रदर्शनात नव्हे, आईने भेट दिलेल्या पुस्तकात सापडली, प्रेरणेच्या गोष्टी सांगणारे हा तपशील सहसा गाळतात.) चौकोन छापलेले नव्हते. लोकरी जर्सीचे वेगवेगळे तुकडे बेतून जोडले होते आणि अंगाला आकार देणाऱ्या शिवणी काळ्या पट्ट्यांच्या कडेने लपवल्या होत्या. सरळ, कमरेत न आवळलेला पोशाख त्या काळी रूढ होताच. त्यामुळे चित्राचा सपाटपणा टिकला. मोंद्रियानची आडवी-उभी शिस्त इथे कापडाच्या बेतातच मुरली होती.

चित्र कापडाच्या घडणीत मुरते का, हाच निकष पुढच्या कामांना लावता येतो. 2012मध्ये वस्त्रकार राफ सिमन्स यांनी दिओर या वस्त्रगृहासाठी स्टर्लिंग रुबी यांची फवाऱ्याने रंगवलेली चित्रे रेशमावर आणली, ती ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, छपाई करून. आडवा बाणा विणला गेला की छापाच्या कडा आपोआप विरघळतात. इक्कतमध्ये सूत बांधून रंगवतात, इथे ताणा छापला जातो. पण कडांचा धूसरपणा दोन्हीकडे विणीतूनच येतो. रुबींच्या रंगाचा धुरकटपणा अशा रीतीने कापडाचा स्वभाव झाला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात यायोई कुसामा यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. प्रायोजक लुई व्हितों हे वस्त्रगृह, आणि कुसामांचे ठिपके ल्यालेल्या त्याच्या पिशव्याही त्याच सुमारास बाजारात. कुसामा 1960च्या दशकात स्वतः कपडे विकत होत्या, तेव्हा कलेला बाजाराने बाटवले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण प्रदर्शनाचा खर्च आणि त्यातून घडणारा माल एकाच घरचा असला, की वस्त्रकाराने काय पाहावे हे आधीच ठरलेले असते. दालनात भटकताना अवचित काही गवसण्याची शक्यता तिथे उरत नाही, आणि सध्याच्या बहुतेक सहयोगांचे दुबळेपण यातच आहे. सही ओळखू यावी एवढीच त्यांची अपेक्षा, म्हणून छपाईवर भागते.

या व्यवहाराचे एक टोक मुंबईत आहे. जानेवारी 2022मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयात दिओरचा कार्यक्रम झाला, त्याच्या भिंतींवर मनू पारेख आणि माधवी पारेख यांची चित्रे भव्य भरतकामाच्या रूपात होती. हे काम मुंबईच्या चाणक्य या कार्यशाळेतले. वस्त्रकलेने इथे चित्रावरून कपडा केला नाही, चित्रच टाक्यांत पुन्हा बांधले. कुंचल्याचा फटकारा दोऱ्यात आणताना टाक्याची दिशा, दोऱ्याची जाडी, उठाव हे सारे निर्णय कारागिराला घ्यावे लागतात. म्हणजे अर्थनिर्णयनाचा मोठा वाटा त्याचा. चित्रकार आणि वस्त्रगृह यांच्यासोबत कार्यशाळेचेही नाव आता श्रेयात घेतले जाते. सुई चालवणाऱ्या माणसाचे नाव मात्र अजून क्वचितच छापले जाते.