महामारीच्या खुणा आणि दिवाळीची झाडलोट

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले, की फडताळाच्या तळाशी काय सापडेल याचा नेम नसतो. यंदा भूगावच्या आमच्या घरी जुन्या लुगड्याच्या दोन मुखपट्ट्या निघाल्या. सूनबाई म्हणाली, "बाबा, टाकून देऊ का?" आम्ही "थांब" म्हटले खरे; पण का, ते चटकन सांगता आले नाही. तेच सांगण्याचा हा प्रयत्न.

पुण्याच्या १८९७ च्या प्लेगचे आज आपल्यापाशी काय उरले आहे? रँड, चाफेकर आणि २२ जूनची रात्र. १९७९ च्या मराठी चित्रपटाचे तर नावच ती तारीख! रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हेही आपण स्मरतो, स्मरावेच. पण माळावरच्या झोपडीत कोणती भांडी नेली, परतल्यावर कोणते अंथरूण जाळले, हे विचारा. घराघरांतून उत्तर येत नाही. आपली स्मृती वीरांची आहे, संसाराची नाही.

त्या साथीत मुंबईला प्लेगने माणूस दगावल्याची खूण म्हणून दारावर वर्तुळ काढीत. २०२० मध्ये आमच्या वाण्याच्या दुकानापुढेही चुन्याची वर्तुळे होती. ती मात्र माणसे जगावीत म्हणून, अंतर राखून उभे राहण्यासाठी. आकार एक, अर्थ दोन! सांगणारा नसेल, तर पुढच्यांना काय उमगावे?

लंडनच्या संग्रहालयाने २०२० सालीच घरोघरच्या अशा वस्तू गोळा करायला आरंभ केला. उद्योग स्तुत्य खरा. पण वस्तू जपली की आठवण जपली, असे नव्हे. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाचला आम्ही बडवलेली थाळी आजही पानावर असते. तिच्यावर ओरखडाही नाही. उलट मुखपट्टी कोणाची, हे ठाऊक नसेल, तर काचेच्या कपाटातही ती चिंधीच.

आमच्या घरची चिंधी आईच्या लुगड्याची. तिने स्वतः फाडून दिले, "नातवंडांना शिव" म्हणून. आणि पुढच्याच वर्षी त्याच साथीत ती गेली. शेवटचे दर्शनही झाले नाही.

एवढे आम्ही बोललो, तेव्हा सूनबाईने कागद आणला. आईचे नाव, साल आणि ते वाक्य, एवढेच तिने लिहिले आणि चिठ्ठी पट्टीला टाचली. वाचकहो, रंगाचा हात फिरवण्यापूर्वी आपणही एक चिठ्ठी लिहावी. फडताळ मग खुशाल झाडा.