चित्राखालचं नाव

कतारमधल्या दोह्याच्या मेट्रोची लाल मार्गिका जिथे संपते ते लुसैल. १८ डिसेंबर २०२२ ला इथल्या स्टेडियममध्ये मेस्सीने विश्वचषक उचलला, आणि आपल्याकडे गावाची ओळख तेवढ्यावरच थांबली. मला ओढ आहे ती इथे होऊ घातलेल्या लुसैल संग्रहालयाची. हेरझोग आणि द म्यूरोन या स्विस वास्तुरचनाकारांनी त्याची इमारत आखली आहे. प्राच्यवादी चित्रांचा जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा संग्रह या संग्रहालयाचा आहे. युरोपीय चित्रकारांनी कधी पाहून, कधी नुसतं ऐकून रंगवलेला पूर्वेकडचा मुलूख त्यात आहे.

या चित्रपरंपरेत काळी बाई जागोजागी भेटते. कुठे डफ वाजवते, कुठे पंखा ढाळते. फ्रेंच चित्रकार देलाक्रवाच्या १८३४ च्या 'अल्जीअर्सच्या स्त्रिया'मध्ये ती उजव्या कडेला पाठमोरी आहे, जाता जाता मान वळवून बसलेल्या तिघींकडे बघते आहे. जेरोम या दुसऱ्या फ्रेंच चित्रकाराच्या १८७० च्या स्नानगृहाच्या चित्रात तिच्या हातात धातूचं घंगाळ आहे आणि तिच्या काळ्या कांतीचं काम एवढंच, की शेजारच्या बाईची गोरी पाठ आणखी उजळ दिसावी. रंगकाम पाहाल तर थक्क व्हाल: दंडावरची चमक, डोक्याच्या फडक्याची घडी न् घडी. नाव मात्र कुठेच नाही. माझ्या लेखी व्यक्तिचित्र नावापासून सुरू होतं. त्याआधी असतो तो नमुना.

लुसैल संग्रहालयाने जेरोमच्या जन्माला दोनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने २०२४ मध्ये दोह्याच्या मतहफ या कलासंग्रहालयात मोठं प्रदर्शन भरवलं. त्यात त्याच्या चित्रांशी वाद घालणाऱ्या आजच्या कलावंतांनाही जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाने २०१९ मध्ये याच्याही पुढचं पाऊल टाकलं होतं. बेनुआ या चित्रकर्तीचं १८०० सालचं एक चित्र इतकी वर्षं केवळ 'काळ्या बाईचं चित्र' म्हणून ओळखलं जाई. तिथल्या प्रदर्शनात ते 'मादलेनचं व्यक्तिचित्र' या नावाने लागलं. एवढ्याशा पाटीसाठी दोन शतकं लागली.

काळ्या गायिका-नर्तकींना नावानिशी गौरवणारी चित्रं अमेरिकी चित्रकारांनी मात्र विसाव्या शतकातच केली. मरियन अँडरसन या गायिकेला वॉशिंग्टनच्या एका सभागृहाने वर्णावरून दार बंद केलं, तेव्हा ९ एप्रिल १९३९ ला ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर पंचाहत्तर हजार लोकांसमोर गायली. १९४४ मध्ये लॉरा व्हीलर वेअरिंगने तिला पायघोळ लाल पोशाखात, पूर्णाकृती, एखाद्या राणीसारखी रंगवली. मला त्याहून जवळचं वाटतं ते बोफर्ड डिलेनीचं १९६५ चं चित्र. त्यात मागे सगळा पिवळा रंग पेटलेला आहे आणि त्या उजेडात मरियन नुसती बसलेली. सूर लावण्याआधी गवई क्षणभर आत जातो ना, तशी ती दिसते. फेथ रिंगगोल्डने नर्तकी जोसेफिन बेकरला गोधडीवर आणलं, तीही अशीच मायेने.

आज अशी चित्रं उदंड होतात. त्यांतल्या बऱ्याच चित्रांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. गाजलेला फोटो उचलायचा, डोक्यामागे सोनेरी वलय काढायचं, मिटलेले डोळे, तोंडासमोर माइक, की झाला गौरव. गळ्याची ताणलेली शीर, नाचून सुजलेला घोटा, श्वास, घाम यांतलं काही त्यात नसतं. ज्या देहाने ती कला कमावली, तोच देह गुळगुळीत करून टाकला जातो.

नाव पुसण्याला आपलंही घर अपवाद नाही. राजा रविवर्म्याने अंजनीबाई मालपेकरांना समोर बसवून चित्रं केली. भेंडीबाजार घराण्याची एवढी मोठी गायिका; पण चित्रात उतरला तो तिचा चेहरा, तिचं नाव नाही. वर्णाचा जाच तिच्या वाट्याला नव्हता, पण चित्रातून गायिकेचं नाव पुसणारा हात तोच.

म्हणूनच मला सिती बिंती साद राहून राहून आठवते. झांझिबारच्या फुंबा गावची, मडकी विकत फिरणारी ही बाई. तिचं जन्मनाव म्टुम्वा, म्हणजे स्वाहिलीत दास. गाण्याने ती 'सिती' झाली. आपण गायिकेच्या नावापुढे आदराने 'बाई' लावतो, तसंच ते. १९२८ मध्ये ती बोटीने आपल्या मुंबईत आली आणि स्वाहिलीतल्या तारब गाण्याच्या तबकड्या इथे ध्वनिमुद्रित करून गेली. ज्या समुद्राने आफ्रिकेची माणसं विकायला आखाती देशांत आणली, त्याच समुद्रावरून ती आपला आवाज घेऊन आली. कतारमध्ये गुलामी कायद्याने संपली ती १९५२ मध्ये. दोह्याच्या मुशैरिब भागातलं बिन जेल्मूद हाऊस हा इतिहास आडपडदा न ठेवता सांगतं. आखातातल्या लग्नघरी ढोल-डफ घेऊन गाणाऱ्या बायकांच्या ताफ्यांमध्ये आफ्रिकी वंशाच्या कितीतरी जणी होत्या. जेरोमच्या काळातल्या चित्रांत डफ दिसतो, तो मला त्यांचीच आठवण करून देतो.

लुसैलच्या भिंतीवर जेरोमसमोर मला सिती हवी आहे. चित्रकाराने तिला देखणी करू नये. तिच्या रूपावरून तिला हिणवणारे कमी नव्हते, ते सगळं तिने गाऊन परतवलं. गळा नीट रंगवावा. मडकी वाहिलेले हात दिसू द्यावेत. आणि खाली पाटीवर दोन्ही नावं लिहावीत, आधी म्टुम्वा, मग सिती.